नावे म्हणजे नुकसान नव्हे

दर तीन महिन्यांनी रिझर्व्ह बँक देशाच्या व्यवहारतोलाचे आकडे जाहीर करते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांचा निकाल एका शब्दात लागलेला असतो. चालू खात्यावरील तूट वाढली असेल तर ‘चिंता’, कमी झाली असेल तर ‘दिलासा’. दूरचित्रवाणीवरची चर्चा याच दोन शब्दांभोवती फिरते, सभांमधून हाच आकडा प्रतिपक्षावर फेकला जातो आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी ‘तूट म्हणजे प्रतिकूल, आधिक्य म्हणजे अनुकूल’ असे पाठ करून पुढच्या प्रकरणाकडे वळतो. या साऱ्याच्या मुळाशी एकच चित्र आहे. देश हे एक दुकान. निर्यात ही त्याची विक्री, आयात हा त्याचा खर्च. आणि वर्षअखेरीस नावेची बाजू जमेपेक्षा मोठी निघाली की दुकान तोट्यात गेले.

हे चित्र चुकीचे आहे. चूक एखाद्या आकड्याची नाही. ज्या वहीवरून हे चित्र काढले जाते, ती वही कोणत्या जातीची आहे हेच ओळखण्यात चूक झाली आहे. आणि ही चूक पंडितांच्या चर्चेपुरती राहत नाही. तिच्या आधारावर आयातकर बसतात, करार मोडतात आणि सामान्य माणूस नको तिथे घाबरतो, घाबरायला हवे तिथे निश्चिंत राहतो.

खंडनाआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला पाहिजे. त्याची विधाने तीन आहेत. पहिले : व्यवहारतोलात जमेला पडते ती देशाची कमाई आणि नावे पडते ती देशाची हानी. दुसरे : तूट म्हणजे तेवढे परकीय चलन देशाबाहेर गेले, गंगाजळी तेवढ्याने आटली. तिसरे : आधिक्य हे समृद्धीचे लक्षण, तूट हे दैन्याचे, पुरावा हवा असेल तर १९९१ आठवा. यांत तिसरे विधान सर्वांत वजनदार आहे, कारण त्याच्यामागे नुसता तर्क नाही, एका पिढीने सोसलेली नामुष्की उभी आहे. तिला उत्तर दिल्याशिवाय हे खंडन पुरे होणार नाही.

ही समजूत जुनी आहे. सतराव्या शतकात लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक टॉमस मन याने तिला सिद्धांताचे रूप दिले. परक्यांना विकावे जास्त, त्यांच्याकडून घ्यावे कमी, म्हणजे सोने-चांदी घरात येते, असे त्याचे म्हणणे. हे मांडणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६४ मध्ये प्रसिद्ध झाला. पण याच माणसाला १६२१ मध्ये उलट बाजूने लेखणी चालवावी लागली होती. त्याची कंपनी हिंदुस्थानातला माल घ्यायला जहाजे भरून चांदी इकडे पाठवत होती आणि ‘इंग्लंडची चांदी चालली’ म्हणून लंडनमध्ये ओरड होती. चांदी बाहेर जाणे म्हणजे तोटा नव्हे, तिच्या बदल्यात काय आले आणि त्याचे पुढे काय झाले ते पाहा, असा बचाव त्याने केला. आपल्याच सिद्धांताला त्याने आधीच दिलेले हे उत्तर आजही पुरेसे आहे.

आता पहिले विधान घेऊ. महाराष्ट्रात वाणिज्य शाखेला बसलेल्या प्रत्येकाने पुस्तपालनाच्या सुरुवातीच्या तासांना तीन नियम घोकलेले असतात. व्यक्तीच्या खात्याला : घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. मालमत्तेच्या खात्याला : जे येते ते नावे, जे जाते ते जमा. उत्पन्न-खर्चाच्या खात्याला : खर्च व तोटे नावे, उत्पन्न व लाभ जमा. नफा-तोटा पत्रक या तिसऱ्या नियमाने तयार होते, आणि लोकसमज व्यवहारतोलालाही हाच तिसरा नियम लावून मोकळा होतो. पण व्यवहारतोल हे नफा-तोटा पत्रक नाही. देशातल्या रहिवाशांनी परदेशातल्या रहिवाशांशी वर्षभरात केलेल्या देवघेवीची ती कीर्द आहे. तिथे पहिले दोन नियम चालतात. आले ते नावे, गेले ते जमा. मग ती वस्तू असो, कर्जरोखा असो की डॉलर असोत.

एक व्यवहार जवळून पाहू. दिंडोरीच्या एका बागायतदाराची द्राक्षे शीतकरण केलेल्या कंटेनरमधून न्हावा-शेवाला जातात आणि तिथून रॉटरडॅमला. समजा, त्या मालाचे २५ हजार डॉलर झाले. द्राक्षे देशाबाहेर गेली, म्हणून वस्तूंच्या खात्यावर २५ हजार जमा. डच व्यापाऱ्याने पैसे चुकते केले. ते निर्यातदाराच्या बँकेने परदेशात उघडलेल्या डॉलर खात्यात पडले. भारताची परदेशातली मालमत्ता वाढली, म्हणून आर्थिक खात्यावर २५ हजार नावे. पैसे हातात आले की बागायतदाराच्या घरी समाधान असते, आणि नेमकी तीच नोंद, पैसे आल्याची नोंद, नावेच्या बाजूला आहे. जमेला पडली ती गेलेली द्राक्षे. पुढे त्या बँकेने हे डॉलर रिझर्व्ह बँकेला विकले, तर बँकेकडची मालमत्ता गेली म्हणून जमा आणि गंगाजळीत भर पडली म्हणून पुन्हा नावे.

आता उलट दिशेचा व्यवहार. जळगावच्या सराफाकडे येणारे सोने आयात झाले : सोने आले, नावे, बँकेच्या परदेशी खात्यातले डॉलर गेले, जमा. चाकणमध्ये कारखाना काढणाऱ्या परदेशी वाहन कंपनीने आपल्या मूळ कारखान्यातून यंत्रे आणली आणि तीच आपली गुंतवणूक म्हणून दाखवली : यंत्र आले, वस्तूंच्या खात्यावर नावे, परदेशी मालकाचा भांडवली हक्क निर्माण झाला, आर्थिक खात्यावर जमा. या दुसऱ्या व्यवहारात एक डॉलरही इकडून तिकडे गेला नाही. तरी त्या महिन्याची आयात फुगली, व्यापारतोलातली तूट वाढली आणि बातमीत ‘चिंता’ हा शब्द आला. प्रत्यक्षात चाकणमध्ये एक यंत्र उभे राहिले होते.

कोकणातले उदाहरण तर यापेक्षाही बोलके आहे. रत्नागिरी जिल्ह्यातला एक तरुण दुबईत नोकरीला आहे. तिथे तो वर्षाहून अधिक काळ राहिला म्हणून हिशेबाच्या दृष्टीने तो परदेशचा रहिवासी. त्याची आई गावी, ती इथली रहिवासी. त्याने आईला घरखर्चासाठी पाठवलेले पैसे हे हस्तांतर. बँकेकडे परकीय चलन आले, नावे. त्याच्या बदल्यात देशातून काहीच गेले नाही, पण हिशेबाची दुसरी ओळ रिकामी ठेवता येत नाही. म्हणून ‘हस्तांतर’ या नावाने ती रक्कम चालू खात्यात जमा. त्याने तेवढेच पैसे आईला न पाठवता आपल्या अनिवासी ठेव खात्यात टाकले, तर बँकेकडे चलन आले ही नोंद तशीच राहते, पण जमेची ओळ आता चालू खाते सोडून आर्थिक खात्यात जाते, कारण ते पैसे आता त्या मुलाचे देशावरचे येणे झाले. तेच डॉलर, तोच मुलगा, तीच बँक. एका नोंदीने चालू खात्यावरची तूट कमी झाली, दुसरीने झाली नाही. एक जमा कधी परत द्यावी लागणार नाही, दुसरी मागेल त्या दिवशी द्यावी लागेल. आणि समजा, वर्षभराने आईने त्याच ठेव खात्यातून गावच्या शाखेत रुपये काढले. तेव्हा सीमेपलीकडून काहीही आले-गेले नसताना चालू खात्यात हस्तांतराची जमा पडते आणि ठेवीचे देणे तेवढ्याने उतरले म्हणून आर्थिक खात्यात नावे पडते. ‘जमा’ या एका शब्दात किती वेगवेगळ्या गोष्टी मावतात हे एवढ्यावरून दिसावे. त्या शब्दाला ‘कमाई’ हा एकच अर्थ चिकटवणे म्हणजे वही न उघडताच निकाल देणे आहे.

पहिले विधान इथेच गळून पडते. दुसऱ्याला आकड्यांनी उत्तर देता येते. तूट म्हणजे तेवढे चलन बाहेर गेले आणि गंगाजळी तेवढ्याने आटली, असे ते विधान. २०२३-२४ चे रिझर्व्ह बँकेचे पहिले आकडे पाहा. वस्तूंच्या व्यापारात सुमारे २४२ अब्ज डॉलरची तूट. सेवांमध्ये, म्हणजे मुख्यतः पुणे, बंगळूर, हैदराबाद इथून जाणाऱ्या सॉफ्टवेअर व व्यवसाय सेवांमुळे, निव्वळ सुमारे १६३ अब्ज जमा. व्याज, लाभांश असे भांडवलाचे मोल परदेशी गेले ते निव्वळ सुमारे ५० अब्ज नावे. परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांनी घरी पाठवलेले पैसे धरून हस्तांतरे निव्वळ सुमारे १०६ अब्ज जमा. या साऱ्याची बेरीज म्हणजे चालू खात्यावर सुमारे २३ अब्ज डॉलरची तूट, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के. आता पूर्वपक्षाच्या न्यायाने गंगाजळी २३ अब्जांनी घटायला हवी होती. ती त्या वर्षी व्यवहारतोलाच्या हिशेबाने सुमारे ६४ अब्जांनी वाढली. कारण गुंतवणूक, कर्जे आणि ठेवी मिळून भांडवली बाजूने, चूकभूल धरून, सुमारे ८७ अब्ज जमा झाले. त्यांतून २३ अब्जांची तूट भागली आणि उरलेले ६४ अब्ज गंगाजळीत गेले.

इथे रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यातल्या एका चिन्हाकडे वाचकाचे लक्ष वेधायचे आहे. गंगाजळीतली ही ६४ अब्जांची वाढ त्या तक्त्यात उणे चिन्हाने छापलेली असते. परदेशी मालमत्ता आली, म्हणून नावे, म्हणून उणे. ज्या घटनेचा आनंद साऱ्या देशाने मानावा, ती वहीत नावेच्या बाजूला आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २००९ मधल्या आपल्या नियमपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत आर्थिक खात्यासाठी जमा-नावे ही शीर्षकेच बाजूला ठेवली आणि ‘मालमत्तेचे निव्वळ संपादन’ व ‘देण्यांतली निव्वळ वाढ’ अशी शीर्षके घेतली. हिशेबाचे तत्त्व तेच राहिले. फक्त पाटी बदलली.

दोन ओळींची ही पद्धत असल्यामुळे संपूर्ण व्यवहारतोलाची बेरीज नेहमी शून्य येते. न आली, तर नोंदणीत काही निसटले असे समजून तेवढा आकडा ‘चूकभूल’ म्हणून लिहिला जातो; आपल्या जुन्या बिलांच्या तळाशी ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे, तसेच. तेव्हा ‘देशाचा व्यवहारतोल तुटीत गेला’ हे वाक्यच अर्धवट आहे. तुटीत जाते ते त्यातले एखादे खाते, आणि एक खाते तुटीत गेले की दुसरे तेवढ्यानेच आधिक्यात असते. प्रश्न असायला हवा तो हा, की कोणत्या खात्यातली तूट कोणत्या खात्यातल्या कशाने भरली.

आता तिसरे विधान. आधिक्य म्हणजे समृद्धी, असे असेल तर भारताच्या चालू खात्यावर आधिक्य कधी आले ते तपासू. २००१-०२ ते २००३-०४ अशी सलग तीन वर्षे ते आले. त्यांत मधले २००२-०३ हे मोठ्या दुष्काळाचे वर्ष होते. त्यानंतर आले ते २०२०-२१ मध्ये, सुमारे २४ अब्ज डॉलर, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.९ टक्के. ते वर्ष कोणते, हे सांगायला नको. टाळेबंदीत कारखाने बंद, विमाने जमिनीवर, मजूर रस्त्यावर, पेट्रोलची मागणी कोसळलेली. आयात आटली म्हणून खाते आधिक्यात आले, आणि त्या वर्षी अर्थव्यवस्था वाढण्याऐवजी आकुंचन पावली. तीन वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, जवळपास तेवढ्याच रकमेची तूट आली आणि त्या वर्षी वाढीचा वेग तेव्हाच्या आकड्यांनुसार ८ टक्क्यांच्या वर होता. २४ अब्ज अधिक आणि २३ अब्ज उणे. आपले कुटुंब यांपैकी कोणत्या वर्षात बरे जगले, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

यामागचे कारण सरळ आहे. देश जेवढी बचत करतो त्याहून जास्त गुंतवणूक करतो, तेव्हा फरक बाहेरून आणावा लागतो, आणि तोच फरक चालू खात्यावरची तूट म्हणून दिसतो. गुंतवणूक थंडावली की तूट आपोआप आटते. ऑस्ट्रेलियाच्या चालू खात्यावर १९७५ नंतर एकाही तिमाहीत आधिक्य आले नव्हते; ते थेट २०१९ मध्ये आले. या काळातली जवळजवळ तीस वर्षे तो देश मंदीशिवाय वाढत राहिला. तूट हा त्याच्या वाढीचा अडसर नव्हता, त्या वाढीला लागणाऱ्या भांडवलाचा तो माग होता.

पण आधिक्याबद्दलचा सर्वांत कडू धडा आपल्याच इतिहासात आहे, आणि तो मुंबईने शिकवला. एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक राहिलेल्या दादाभाई नौरोजींनी १८६७ मध्ये लंडनमध्ये ‘इंग्लंडचे हिंदुस्थानाला देणे’ या विषयावर निबंध वाचला. पुढे आयुष्यभर त्यांनी जो हिशेब मांडला, त्याचा पायाच हा होता की हिंदुस्थानची निर्यात वर्षानुवर्षे आयातीपेक्षा जास्त आहे. आजच्या लोकसमजानुसार ही समृद्धीची खूण ठरली असती. दादाभाईंनी तीच वाहून जाणाऱ्या संपत्तीची खूण म्हणून दाखवली.

त्याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. खानदेश-वऱ्हाडचा कापूस विकत घेणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याला इथे रुपये द्यायचे असत. तो लंडनमध्ये भारतमंत्र्यांकडून ‘कौन्सिल बिल’ नावाची हुंडी पौंड देऊन विकत घेई. ती हुंडी मुंबई किंवा कलकत्त्याच्या सरकारी खजिन्यात वटवली जाई आणि तिचे रुपये दिले जात. खजिन्यातले ते रुपये कोठून आले? शेतसाऱ्यातून, मीठकरातून. म्हणजे शेतकऱ्याला त्याच्या कापसाचे पैसे मिळाले ते त्याच्याच आणि त्याच्या शेजाऱ्याच्या करातून. आणि लंडनमध्ये जमलेले पौंड? ते हिंदुस्थानात आलेच नाहीत. निवृत्त अधिकाऱ्यांचे पेन्शन, कर्जावरचे व्याज, लंडनमधल्या इंडिया ऑफिसचा खर्च, म्हणजे ज्याला ‘होम चार्जेस’ म्हणत, त्यांत ते तिथल्या तिथे खर्ची पडले. वहीत कापूस गेला तो जमेला, होम चार्जेस नावे. बेरीज शून्य, हिशेब चोख. आणि त्या चोख हिशेबातून एक देश कंगाल होत गेला. ज्याला केवळ ‘निर्यात जास्त की आयात जास्त’ एवढेच विचारायचे शिकवले आहे, त्याला दादाभाईंचा मुद्दा कळणारच नाही. त्यासाठी जमेच्या समोर नावेला काय आहे, ते वाचावे लागते.

राहता राहिला १९९१ चा दाखला. इथे पूर्वपक्षातले जे खरे आहे ते मान्य केले पाहिजे. तूट देशाला संकटात नेऊ शकते. १९९०-९१ मध्ये चालू खात्यावरची तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ३ टक्क्यांवर गेली होती आणि जून १९९१ मध्ये हाती असलेले परकीय चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले होते. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोनदा अवमूल्यन करावे लागले. हे सारे खरे आहे. पण ते तुटीच्या आकाराने घडले का?

तसे असते तर २०१२-१३ हे वर्ष अधिक भीषण ठरायला हवे होते. त्या वर्षी तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.८ टक्के होती, १९९०-९१ पेक्षा दीडपट. एकट्या सोन्याची आयात ५० अब्ज डॉलरच्या वर गेली होती. रुपया डळमळला, २८ ऑगस्ट २०१३ ला एका डॉलरला ६८ रुपयांच्या पलीकडे गेला. पण देणी थकण्याची वेळ आली नाही, सोने गहाण पडले नाही. तेव्हा हाती सहा महिन्यांहून अधिक आयातीला पुरेल एवढी गंगाजळी होती आणि रुपयाला घसरून धक्का पचवण्याची मोकळीक होती.

मग १९९१ ला काय झाले? १९८० च्या दशकात तूट दरवर्षी येत होती आणि दरवर्षी भरली जात होती. ती भरणाऱ्या नोंदी कोणत्या, ते पाहा : परदेशी बँकांकडून घेतलेली व्यापारी कर्जे, थोड्या मुदतीची उधारी आणि चढ्या व्याजाने आणलेल्या अनिवासी ठेवी. या तिन्ही नोंदी वहीत जमेच्या. लोकसमजाच्या दृष्टीने तिन्ही शुभ. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतले, तेल भडकले, आखातातून येणारे पैसे अडकले, लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी घरी आणावे लागले. देशाची पत उतरली आणि ज्या ठेवी मागताच परत द्यायच्या होत्या त्या मागितल्या जाऊ लागल्या. थोड्या मुदतीची कर्जे पुढे चालवायला कोणी तयार होईना. देश अडचणीत आला तो नावेच्या बाजूने आलेल्या तेलाने किंवा यंत्रांनी तेवढा नाही, जेवढा जमेच्या बाजूला साठलेल्या उतावळ्या देण्यांनी आला. १९९१ हा पूर्वपक्षाचा पुरावा म्हणून आणला जातो. नीट वाचला तर तो उत्तरपक्षाचा पुरावा आहे. ज्यांनी दहा वर्षे जमेच्या आकड्यावर समाधान मानले, त्यांना ती जमा कसली आहे हे त्या उन्हाळ्यात कळले.

नुसत्या खंडनावर थांबून चालणार नाही. आकडे वाचायचे तर कसे? तीन प्रश्न पुरेत. नावेला जे आले ते काय आहे : उद्या उत्पादन देणारे यंत्र, रोज जळणारे तेल, की तिजोरीत पडून राहणारे सोने? ते ज्या जमेने भागवले ती कसली आहे : कायमची कमाई, जसे सेवांचे मोल आणि घरी पाठवलेले पैसे, कारखान्यात रुतलेली गुंतवणूक, जी एका रात्रीत उठून जात नाही, की शेअर बाजारातला पैसा आणि थोड्या मुदतीचे कर्ज, जे जाऊ शकते? आणि या जमेमुळे पुढच्या वर्षांत नावेला काय पडणार आहे : किती व्याज, किती लाभांश, किती परतफेड? थेट गुंतवणूकही फुकट नसते. आजची जमा उद्याच्या लाभांशाचे नावे घेऊनच येते. ०.७ टक्के तूट चंचल पैशावर उभी असेल तर ती काळजीची, आणि २ टक्के तूट टिकाऊ भांडवलाने कारखाने उभारत असेल तर ती काळजीची नाही. टक्केवारी एकटी काहीच सांगत नाही.

हा वाद केवळ हिशेबनीसांचा नाही, याचा दाखला साऱ्या जगाने पाहिला. २ एप्रिल २०२५ ला अमेरिकेने देशोदेशींवर ‘जशास तसे’ म्हणून आयातकर जाहीर केले. भारताचा दर कसा ठरला? २०२४ मध्ये अमेरिकेने भारतातून ८७.४ अब्ज डॉलरच्या वस्तू घेतल्या. वस्तूंच्या व्यापारात तिची भारताशी तूट ४५.७ अब्ज. भागाकार ५२ टक्के, त्याचे निम्मे २६ टक्के. तो झाला कर. सेवा धरल्या नाहीत, अमेरिकी कंपन्यांना भारतातून मिळणारे उत्पन्न धरले नाही, भारत अमेरिकेवर खरोखर किती कर लावतो हेही त्या सूत्रात नव्हते. एका खात्यातल्या एका ओळीची वजाबाकी घेतली, तिला लूट म्हटले आणि तिच्यावर जागतिक व्यापाराची घडी विस्कटली. नावे म्हणजे नुकसान, हा समज महासत्तेच्या धोरणात शिरला की काय होते, ते यातून दिसले. आपल्याला ही चूक अमेरिकेत दिसते आणि संताप येतो. पण चीनशी असलेली व्यापारातली तूट सांगताना आपण तीच चूक तितक्याच आवेशाने करतो. एखाद्या देशावर औषधांच्या कच्च्या मालासाठी किंवा सुट्या भागांसाठी अवलंबून राहणे धोक्याचे असू शकते, आणि ते जरूर तपासावे. पण तो धोका अवलंबित्वाचा आहे, उणे चिन्हाचा नाही.

म्हणून शिक्षकांना, वार्ताहरांना आणि सभेत बोलणाऱ्यांना एक विनंती आहे. ‘अनुकूल’ आणि ‘प्रतिकूल’ हे दोन शब्द व्यवहारतोलाच्या प्रकरणातून काढून टाका. विद्यार्थ्याला आधी दुहेरी नोंद शिकवा, मग तूट शिकवा. पहिली ओळ वाचली की दुसरी कुठे आहे, हे विचारायची त्याला सवय लावा.

आणि ज्यांना १९९१ विसरता येत नाही, त्यांच्यासाठी त्याच वर्षाची एक नोंद. ४ ते १८ जुलै १९९१ या दिवसांत रिझर्व्ह बँकेने ४६.९१ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले. तो साऱ्या देशाला लागलेला घाव होता. व्यवहारतोलात ते कर्ज पडले जमेला. काही महिन्यांतच देशाने ते फेडून टाकले आणि सोने तारणातून सोडवले. ती फेड पडली नावे.